मांडव घालणाऱ्याचा हक्क

घाटकोपरच्या पंतनगरातील आमची जुनी इमारत पुनर्बांधणीसाठी रिकामी करायचे ठरले, तेव्हा माळ्यावरची लोखंडी पेटी कितीतरी वर्षांनी खाली आली. आईने तिच्यात काय जपून ठेवले असेल याची घरात कोणालाच कल्पना नव्हती. वर दोन जपमाळा आणि माझ्या भावाच्या पहिल्या कम्युनियनची मेणबत्ती होती. खाली सुतळीने वर्षवार बांधलेले 'स्त्री' मासिकाचे गठ्ठे. माझी आई वसईकडची, मराठी सातवी पास. घरी 'निरोप्या' येई, पुढे 'सुवार्ता' येऊ लागली. 'स्त्री'ची वर्गणी मात्र ती शेजारच्या काकूंबरोबर निम्मी-निम्मी भरायची. अंक आधी काकू वाचीत, मग आई. जुने अंक कोणी ठेवायचे याबद्दल त्या दोघींचा काय करार होता, ते आता विचारायला दोघींपैकी कोणीच नाही.

ते गठ्ठे सोडताना माझ्या लक्षात आले की पुष्कळ पानांच्या समासात आईने पेन्सिलीने बारीक अक्षरात काही लिहिले आहे. कुठे 'खरे', कुठे 'आपल्याकडे असे नाही', एका ठिकाणी नुसतेच 'मी?'. आई हयातीत कुठल्याही मासिकाला एक ओळही लिहून पाठवणारी नव्हती. तिच्या लेखनाला मिळालेली सारी जागा म्हणजे दुसऱ्यांच्या लेखांचा समास. त्या समासाकडे पाहताना जो प्रश्न मला पडला, तो या लेखात वाचकांपुढे ठेवावयाचा आहे. ज्याला बोलायला जागा नाही त्याला एखाद्याने जागा करून दिली, तर पुढे तिथे काय बोलले जावे हे ठरवण्याचा हक्क त्या जागा देणाऱ्याला उरतो काय? मांडव ज्याने घातला त्याचा मांडवातल्या शब्दांवर किती अधिकार?

मराठी स्त्रियांच्या नियतकालिकांचा इतिहास या प्रश्नाने भरलेला आहे, कारण यातील बरेचसे मांडव पुरुषांनी घातले. शंकर वासुदेव किर्लोस्कर हे नांगर आणि यंत्रे बनवणाऱ्या कुटुंबातले. त्यांचे काका लक्ष्मणराव यांनी १९१० साली औंध संस्थानच्या हद्दीत, कुंडलजवळच्या माळरानावर कारखाना उभारला आणि त्याभोवती किर्लोस्करवाडी वसली. १९२० साली तेथून 'किर्लोस्कर खबर' निघू लागली. कारखान्याची व मालाची वार्ता लोकांपर्यंत पोचवावी हा तिचा साधा हेतू. त्या खबरेचे पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले. ऑगस्ट १९३० मध्ये शंकररावांनी 'स्त्री' सुरू केले आणि १९३४ साली 'मनोहर'. १९३० हे मिठाच्या सत्याग्रहाचे वर्ष होते. ज्या बायकांना आळीबाहेर जायला सोबत लागे त्या मिरवणुकीत चालू लागल्या होत्या, तुरुंगात जात होत्या. अशा वेळी नांगराच्या कारखान्यातून बायकांचे मासिक निघावे, यात दूरदृष्टी होती आणि व्यवहारही होता. शंकररावांनी हा व्यवहार लपवला नाही याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. वर्गणीदार नसतील तर सुधारणेचे विचार छापखान्यातच पडून राहतात, हे त्यांना ठाऊक होते. त्यांची सगळी मते आपल्या घरांत पटतील असे मात्र नाही. धर्मश्रद्धेविषयी 'किर्लोस्कर'चा सूर अनेकदा बोचरा असे, आणि आईच्या समासातील 'आपल्याकडे असे नाही' या शेऱ्यांपैकी काहींचे मूळ तेथे असावे.

अर्थात 'स्त्री'च्या आधीही मांडव होते. १८८६ साली निघालेल्या 'आर्यभगिनी'चे संपादन माणकबाई लाड ही एक स्त्रीच करीत होती. ज्या काळी बाईने पुस्तक हातात धरणे हाच अनेक घरांत गुन्हा होता, त्या काळातली ही गोष्ट. पण मला जास्त अस्वस्थ करते ती त्याच्याही आधीची, १८५५ सालातील घटना. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, आणि तो छापला 'ज्ञानोदय'ने. 'ज्ञानोदय' हे अमेरिकन मराठी मिशनचे, म्हणजे प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पत्र, १८४२ पासून चालत आलेले. वेद जर आमचे नाहीत, तर आमचा धर्म तरी कोणता, असा सवाल या कोवळ्या मुलीने त्यात केला होता. एका ख्रिस्ती पत्राने तिला जागा दिली याचा आपल्याला अभिमान वाटतो आणि वाटावाही. पण प्रामाणिकपणे एक प्रश्न विचारून पाहू. तिचा राग ज्या दिशेने होता, ती दिशा मिशनला सोयीची होती. याच मुलीने उद्या मिशनच्या बंगल्यातील भेदभावाविषयी तितक्याच धारदारपणे लिहिले असते, तर 'ज्ञानोदय'ने ते छापले असते काय? उत्तर मला माहीत नाही, आणि मिशनऱ्यांवर आरोप करण्याचा हेतू तर मुळीच नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की जागा देणाऱ्याची कसोटी आपल्याला आवडणारे शब्द छापताना लागत नाही.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगते. ती सांगितल्यावाचून वरच्या प्रश्नांना काही अर्थ नाही.

आमच्या धर्मग्रामातील महिला मंडळाचा एक वार्षिक अंक निघतो. मी शाळेत मराठी शिकवीत असल्यामुळे पहिल्या अंकापासून संपादन माझ्याकडे आले. सुरुवातीला तो हस्तलिखित होता, पुढे झेरॉक्स काढून वाटू लागलो, आता छापतो. लिहिणाऱ्या बहुतेकजणींनी शाळा सोडल्यावर हातात लेखणी धरलेली नसते. 'टीचर, मला काय लिहिता येतंय' असे म्हणणाऱ्या बाईकडून चार पाने लिहून घेण्यात जो आनंद आहे, तो मी पुष्कळ वर्षे उपभोगला. तो आनंद थोडासा मालकीचाही असतो, हे तेव्हा कळले नव्हते.

एका वर्षी 'सेवा' हा विषय दिला होता. आमच्या मंडळातील एका भगिनीने अंथरुणाला खिळलेल्या सासूची अकरा वर्षे शुश्रूषा केली होती. देवळात तिचे उदाहरण दिले जाई. तिने सहा पाने लिहून आणली. औषधांच्या वेळा, पाठीला पडलेल्या जखमा, नळाचे पाणी यायच्या आत धुवायच्या चादरी, सारे तिने इतके जसेच्या तसे लिहिले होते की वाचताना श्वास अडखळावा. पाचव्या पानावर तिने लिहिले होते की या अकरा वर्षांत सासूवर माझी माया कधी जडली नाही. मी केले ते करावे लागले म्हणून केले. ती गेली त्या पहाटे मला रडू आले नाही, हलके वाटले. आणि लोक मला त्यागमूर्ती म्हणतात तेव्हा मी खोटे बोलून काही मिळवले आहे असे वाटते.

मी ते पाचवे पान काढून टाकले. सहाव्या पानाची सुरुवात बदलून ती चौथ्या पानाला जोडली आणि लेखाला 'सेवेतील समाधान' हे शीर्षक दिले. माझी कारणे तयार होती, आणि ती वाईटही नव्हती. तिचा नवरा वाचील, नणंदा वाचतील, लग्नाला आलेल्या मुली वाचतील. मी तिला जपते आहे, असे मी स्वतःला सांगितले. अंक वाटला त्या रविवारी मिस्सेनंतर तिने आपली प्रत घेतली, तिथेच उभ्याने लेख चाळला आणि म्हणाली, "छान छापलंय, टीचर." त्यानंतर तिने कधीही काही लिहून दिले नाही. मीही कारण विचारले नाही, कारण ते मला ठाऊक होते.

संपादक म्हणजे काही टपालवाला नव्हे, असे कोणी म्हणेल, आणि ते बरोबर आहे. हाती आलेला प्रत्येक कागद जसाच्या तसा पुढे ढकलणे हे काही संपादन नव्हे. लिहिणारीला आपल्या शब्दांचे परिणाम दिसत नसतील, तर ते तिच्या नजरेस आणून देणे हे संपादकाचे कर्तव्यच आहे. किंबहुना लेखिकेला जपण्याचे एक उत्तम उदाहरण मराठीतच आहे. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह विभावरी शिरूरकर या नावाने प्रसिद्ध झाला. शिकलेल्या, मिळवत्या, अविवाहित मुलींच्या मनातील कोंडमारा त्यात इतक्या उघडपणे मांडला होता की महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. ही विभावरी कोण, बाई की पुरुष, याचा जो तो शोध घेऊ लागला. त्या होत्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. प्रकाशक ह. वि. मोटे यांनी त्यांचे नाव गुप्त राखले. येथे प्रकाशकाने लेखिकेला जपले, पण कशाने? तिचे नाव झाकून. तिचे शब्द उघडेच राहिले.

मी नेमके उलटे केले होते. तिचे नाव छापले आणि शब्द झाकले. हा फरक ध्यानात आल्यावर माझ्या चांगल्या कारणांचे खरे रूप मला दिसू लागले. मी तिला जपत असते, तर तिच्या घरी गेले असते, ते पान तिच्यासमोर ठेवले असते आणि विचारले असते, की बाई, हे छापले तर तुला त्रास होईल. नाव काढू का, की थोडे थांबू या? कदाचित तिनेच म्हटले असते, राहू द्या टीचर. तो तिचा निर्णय झाला असता. मी तिला विचारले नाही, याचा अर्थ मी जपत होते ते अंकाला. आमचा अंक कसा दिसावा, आमच्या मंडळातील बायका कशा असाव्यात, याचे माझ्या मनातील चित्र मी जपत होते. त्या चित्रात माया नसलेली सेवा बसत नव्हती. खरे तर ख्रिस्ती विचाराला तिचे अवघड वाटायचे काहीच कारण नाही. प्रेमाची ऊब नसताना कर्तव्य पार पाडणाऱ्या माणसाचे मोल देवाच्या दरबारी कमी असेल, असे मला वाटत नाही, जास्तही असेल. पण ही चर्चा आमच्या देवळात तेव्हा झाली असती, आणि ती मी होऊ दिली नाही.

येथे मला मग्दालिया मरियेची आठवण होते. पुनरुत्थानाची पहिली साक्ष तिची. ती आणि तिच्याबरोबरच्या स्त्रिया धावत येऊन सांगतात, आणि प्रेषितांना ते बडबडणे वाटते, असे संत लूक नोंदवतो. त्याने हे गाळले नाही, याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे. प्रेषितांची शोभा राखण्यासाठी तेवढे वाक्य सहज वगळता आले असते. ख्रिस्तसभेने तिच्या स्मरणदिनाला, २२ जुलैला, प्रेषितांच्या सणांच्या बरोबरीचा दर्जा दिला तो २०१६ साली, पोप फ्रान्सिस यांच्या काळात. इतकी शतके लागली. पण शुभवर्तमानात तिचे शब्द शाबूत राहिले होते, म्हणून ते शक्य झाले.

मांडव उभा राहतो कोणाच्या श्रमांवर, हाही प्रश्न याला लागूनच येतो. लंडनमध्ये १८५८ साली बेसी रेनर पार्क्स आणि बार्बरा बोडिचॉन यांनी 'इंग्लिश वुमन्स जर्नल' काढले, तेव्हा त्यांच्या लवकरच लक्षात आले की लिहायला जागा मिळाली तरी खिळे जुळवणारे हात पुरुषांचेच आहेत. १८६० मध्ये एमिली फेथफुल यांनी व्हिक्टोरिया प्रेस उघडली आणि मुलींना खिळे जुळवण्याचे काम शिकवले. 'जर्नल'ही तेथेच छापले जाऊ लागले. १८६४ साली ते मासिक बंद पडले. त्याच वर्षी बेसी पार्क्स कॅथलिक झाल्या. प्रसिद्ध कॅथलिक लेखक हिलेअर बेलॉक हा त्यांचाच मुलगा. मासिक जेमतेम सहा वर्षे चालले, पण ज्या मुली हाताला शाई लावून कसब शिकल्या त्यांचे कसब मासिकाबरोबर बंद पडले नाही. संस्थापकाने जागेबरोबर साधनही हाती दिले, म्हणजे मग त्याच्या मर्जीची गरज उरत नाही. जागा देणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे रुचते.

आपल्याकडे विद्या बाळ यांचे आयुष्य या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. १९३७ चा त्यांचा जन्म, न. चिं. केळकर हे त्यांचे आजोबा. १९६४ साली त्या 'स्त्री'मध्ये दाखल झाल्या आणि १९८३ ते १९८६ या काळात संपादक होत्या. आईच्या गठ्ठ्यांतील पुष्कळ अंकांवर त्यांच्या हाताचा संस्कार आहे. १९८२ मध्ये पुण्यात मंजुश्री सारडा हिचा मृत्यू झाला आणि त्या प्रकरणाने शहर हादरले. शिकल्यासवरल्या घरांतही सून मारली जाते, हे पांढरपेशा समाजाला मान्य करावे लागले. विद्याताई आणि त्यांच्या सहकारी 'मी एक मंजुश्री' हे प्रदर्शन घेऊन लोकांपुढे गेल्या. त्याच वर्षी नारी समता मंच स्थापन झाला. विणकामाचे नमुने आणि पाककृती यांच्या शेजारी हा विषय कितपत बसवायचा, हा पेच स्त्रियांच्या कुठल्याही मासिकापुढे तेव्हा उभा राहिला असणार. पाककृतींना मी कमी लेखत नाही. माझ्या आईचा नाताळचा केक 'स्त्री'च्याच एका अंकातला होता. पण केकची कृती वाचणारी बाई आणि समासात 'मी?' लिहिणारी बाई एकच आहे, हे ज्या संपादकाला उमगते त्याला मासिक पूर्वीसारखे चालवता येत नाही.

१९८६ साली विद्याताई 'स्त्री'तून बाहेर पडल्या. ऑगस्ट १९८९ मध्ये, म्हणजे 'स्त्री'च्या जन्मानंतर बरोबर एकोणसाठ वर्षांनी, त्यांनी पुण्यातून 'मिळून साऱ्याजणी' सुरू केले. नावाकडे पाहा. 'स्त्री' हे एकवचन. त्यात एक आदर्श मूर्ती उभी असते आणि वाचकिणीने तिच्याकडे पाहावयाचे असते. 'मिळून साऱ्याजणी' हे अनेकवचन आहे, आणि तरीही त्यात लिहिण्याची दारे पुरुषांना बंद नव्हती. मागे मोठा कारखाना नाही, मोठे भांडवल नाही. असे मासिक तीस-पस्तीस वर्षांहून अधिक काळ चालते, याचे श्रेय वर्गणीदारांना जितके द्यावे तितके थोडे. विद्याताईंचे ३० जानेवारी २०२० रोजी निधन झाले, त्याच्या आधीच संपादनाची सूत्रे गीताली वि. मं. यांच्याकडे गेली होती. त्या गेल्या तेव्हा मासिक पोरके झाले नाही. माझ्या मते त्यांच्या कर्तृत्वातील हा भाग सर्वांत कठीण होता. मोर्चे काढण्यापेक्षा आणि २०१६ मध्ये मंदिरप्रवेशासाठी उच्च न्यायालयात जाण्यापेक्षाही कठीण. स्वतः उभे केलेले दुसऱ्याच्या हाती द्यायचे, आणि ती दुसरी आपल्यासारखे करणार नाही हे ठाऊक असूनही द्यायचे. योहान बाप्तिस्त्याने आपले शिष्य येशूच्या मागे जाताना पाहिले, तेव्हा त्याने आनंद मानला असे आपण वाचतो. तो आनंद त्याला फुकट मिळाला असेल, असे मला वाटत नाही.

मांडव घालणाऱ्याने काहीच बोलू नये, असे मी म्हणत नाही. त्याने वेळ सांगावी, जागा सांगावी, शिवीगाळ होऊ देऊ नये, एकीचे बोलणे दुसरीच्या बदनामीसाठी वापरले जात असेल तर थांबवावे. पण बोलणारीने काय अनुभवले हे त्याने ठरवू नये. माझी चूक तेथे झाली. मी तिचे व्याकरण सुधारता सुधारता तिचे मन सुधारले.

पुनर्बांधणीच्या निमित्ताने कपाटे उपसली तेव्हा ते पाचवे पानही सापडले. मी ते फाडले नव्हते, हे एक. एका संध्याकाळी ते घेऊन तिच्याकडे गेले. ती आता मुलाकडे, असल्फ्याला राहते. तिने चष्मा लावून पान वाचले, पुन्हा वाचले आणि म्हणाली, "अक्षर बरं होतं की माझं तेव्हा." मी माफी मागितली. ती काही बोलली नाही. चहा ठेवायला उठली. निघताना मी विचारले, की हे पान यंदाच्या अंकात घालू का, तुझ्या नावाने किंवा नावाशिवाय. ती म्हणाली, "टीचर, आता मला ती म्हातारी आठवते आणि रडू येतं. आता हे छापलं तर तेही खोटंच होईल." पान तिने ठेवून घेतले.

या वर्षीच्या पहिल्या बैठकीत मी मंडळापुढे दोन सूचना ठेवल्या. संपादक दर दोन वर्षांनी बदलावा, ही पहिली. लेखात काही बदल करायचा तर लिहिणारीला दाखवल्याशिवाय करू नये, ही दुसरी. पहिली सूचना पाच मिनिटांत, एकमताने मंजूर झाली. इतक्या झटपट की मला क्षणभर वाईट वाटले. दुसरीवर मात्र बरीच वादावादी झाली. वेळ कोणाला आहे, छपाईला उशीर होईल, उद्या कोणी काहीही लिहून आणील, अशा शंका निघाल्या. नव्या संपादिकेने त्या सगळ्या वहीत लिहून घेतल्या आणि विषय पुढच्या बैठकीवर ठेवला. आईचे गठ्ठे सध्या मंडळाच्या कपाटात आहेत. पाहायचे असतील त्यांनी रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर यावे. समासातले वाचायला मात्र भिंग लागते.